हीटरच्या दोन नळ्या

महाराष्ट्रात ट्रकच्या हीटरची कुणाला आठवण येत नाही. इथे ड्रायव्हरला हवा असतो पंखा. केबिनमध्ये इंजिनाची धगच इतकी असते की डिसेंबरातही काच खाली करूनच गाडी चालते. त्यामुळे जुन्या गाडीतला हीटर कुणीतरी कधीतरी निकामी करून ठेवलेला असतो. दोन्ही नळ्या काढून एकच नळी वळवून इंजिनाला परत जोडलेली असते, नाहीतर नळ्यांच्या तोंडात बोल्ट कोंबून वरून क्लिप आवळलेली असते. मग हीच गाडी लासलगावचा कांदा घेऊन जानेवारीत बनिहालच्या पुढे जाते, परतीला सफरचंद भरायचं ठरतं, आणि तेव्हा हीटर चालू करायची वेळ येते. नळ्या जोडल्या जातात, ब्लोअर फिरतो आणि तोंडावर येते ती गार हवा.

अशा वेळी लोक हीटर बदलायला निघतात. तो दोषी असतो फार थोड्या वेळा. हीटर ही इंजिनाच्या पाण्याच्या फेऱ्यावरची एक बारीक फांदी आहे. मुख्य फेऱ्यात पाणी कमी असलं, हवा शिरली, पंप थकला, थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) काढून टाकला, की सगळ्यात आधी उपाशी राहते ती ही फांदी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे दोष दिसत नाहीत, किंवा दिसले तरी ‘गाडी जरा गरम होते’ एवढ्यावर भागतं. म्हणून हीटर थंड आहे ही तक्रार इंजिनाच्या अभिसरणाची तक्रार समजूनच ऐकावी.

इथे डोळ्यांसमोर आहे ती कमिन्सचं ६बीटी इंजिन असलेली जुनी टाटा, १६१३ किंवा २५१५ जातीची. ५.९ लिटर, सहा सिलिंडर, बारा वॉल्व्ह, यांत्रिक डिझेल पंप. टाटा आणि कमिन्स यांची भागीदारी १९९३ ची, कारखाना जमशेदपूरचा. पुढे आपल्या फलटणलाही त्यांचा कारखाना झाला. हेच इंजिन अमेरिकेत १९८९ पासून डॉजच्या मोठ्या पिकअपमध्ये बसत होतं. त्यामुळे तिकडे कुणा मराठी माणसाने हौसेने जुना डॉज पाळला असेल तर त्यालाही खालचं बहुतेक सगळं लागू पडेल, आणि हीटरची गरज त्याला लासलगावच्या ड्रायव्हरपेक्षा जास्तच असेल.

आधी पाण्याची वाट. पंप पाणी ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बिडाच्या धडात, ढकलतो. ते ऑइल कूलरवरून जातं, सिलिंडरांभोवती फिरतं, ब्लॉकवर बसलेल्या हेडमध्ये चढतं आणि पुढच्या बाजूला थर्मोस्टॅटपाशी येतं. थर्मोस्टॅट बंद असला तर ते बायपासमधून थेट पंपाकडे परततं. उघडा असला तर वरच्या होजमधून रेडिएटरमध्ये जातं, थंड होतं आणि खालच्या होजमधून पंपाच्या ओढीच्या बाजूला येतं. हीटरची आवक निघते हेडकडून, म्हणजे थर्मोस्टॅटच्या अलीकडून, आणि जावक जाते पंपाच्या ओढीकडे. एका टोकाला दाब, दुसऱ्याला ओढ. या फरकावरच हीटरमधून पाणी वाहतं. थर्मोस्टॅट बंद असतानाही हीटरला गरम पाणी मिळतं ते यामुळेच.

बाहेरून बसवलेल्या हीटरची पहिली चूक इथेच सापडते. कारागीर नळीला जिथे सोयीचं तोंड दिसेल तिथे जोडून मोकळा होतो. दोन्ही नळ्या हेडच्याच बाजूला निघाल्या, किंवा जावक वरच्या होजमध्ये सोडली, तर दोन्ही टोकांना जवळजवळ सारखाच दाब राहतो आणि पाणी हलत नाही. असा हीटर नवा असो की जुना, गरम होणार नाही. नळ्या कुठून निघतात आणि कुठे जातात हे गाडीखाली वाकून एकदा बोटाने चाचपून पाहावं. पाच मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे.

आता थर्मोस्टॅट. आपल्याकडे गाडी गरम झाली की पहिला सल्ला मिळतो तो ‘थर्मोस्टॅट काढून टाक’. या सल्ल्याइतकं नुकसान दुसऱ्या कुठल्या सल्ल्याने झालं नसेल. या इंजिनाचा थर्मोस्टॅट दोन कामं करतो. ८२-८३ अंशांना तो रेडिएटरची वाट उघडू लागतो, आणि ९५ च्या आसपास पूर्ण उघडतो तेव्हा बायपासची वाट मिटवतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. पाणी सोपी वाट धरतं, बरंचसं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता पंपाकडेच फिरत राहतं, आणि भर उन्हात चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते. हिवाळ्यात याच्या उलट होतं. उरलेलं पाणी सतत रेडिएटरमधून जातं, इंजिन ५५-६० अंशांवरच रेंगाळतं आणि हीटरमधून कोमट हवा येते. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, रिंगा झिजतात, डिझेल जास्त जातं. मालकाला दिसतो तो फक्त ॲव्हरेज पडलेला.

तेव्हा जुनी गाडी हातात आली की थर्मोस्टॅट आत आहे का, हे आधी झाकण खोलून बघावं. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नये. असेल तर तपासणी घरच्या पातेल्यातही होते. थर्मोस्टॅट दोऱ्याला टांगून पाण्यात सोडायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर धरायचा आणि पाणी तापवत न्यायचं. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश मागेपुढे तो हलायला लागला पाहिजे, आणि गार पाण्यात टाकल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. आतल्या मेणाच्या कुपीची ताकद गेली असेल तर तो अर्धवट उघडतो. कडेला गंज धरला असेल तर पूर्ण मिटत नाही. पट्टीवर छोटं भोक आणि त्यात खुळखुळणारी पिन असेल तर बसवताना ती वरच्या बाजूला ठेवायची. पाणी भरताना अडकलेली हवा तिथूनच निघते.

हे झाल्यावर हीटरच्या दोन नळ्यांकडे यावं. पण गाडी उभी ठेवून नव्हे. हे डिझेल इंजिन आयडलिंगला इतकं कमी इंधन जाळतं की कडाक्याच्या थंडीत तासभर उभं ठेवलं तरी पूर्ण तापत नाही. ‘अर्धा तास चालू ठेवली, हीटर गारच’ ही तक्रार त्यामुळे निकामी. गाडी लोडवर पंधरा-वीस किलोमीटर चालवायची, मग ब्लोअर पूर्ण सोडून मोजमाप घ्यायचं. हाताने अंदाज येतो, पण नेमबाज इन्फ्रारेड थर्मामीटर आता स्वस्त झाला आहे. फक्त चकचकीत ॲल्युमिनियमवर किंवा पितळेवर तो खोटं बोलतो. तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरायचा. थर्मोस्टॅटच्या घरावर (तो ज्या झाकणाखाली बसतो त्यावर) ८० च्या वर आकडा आला तर इंजिन आपलं काम करतंय असं समजायचं.

आवक नळी ८२ आणि जावक ७० च्या आसपास असेल तर पाणी व्यवस्थित वाहतंय. हिशेब करून बघा: अर्धं पाणी आणि अर्धं कूलंट (ग्लायकॉलचं गोठणरोधक द्रव) असलेलं मिश्रण मिनिटाला ६ लिटर वाहत असेल आणि हीटर ४ किलोवॉट उष्णता हवेत सोडत असेल, तर नळीतलं तापमान साधारण ११ अंश पडतं. एवढा फरक निरोगी समजावा. दोन्ही नळ्या कडकडीत, त्यांच्यातला फरक जेमतेम दोन-तीन अंश, आणि हवा तरीही गार, असं असेल तर दोष पाण्याकडे नाही, हवेकडे आहे. हीटरची जाळी धुळीने, कांद्याच्या सालपटांनी, गवताच्या काड्यांनी बुजलेली असते, किंवा झडपेची केबल निसटून हवा जाळीला वळसा घालून येते. आवक गरम आणि जावक थंडगार, तीस-चाळीस अंशांचा फरक, म्हणजे पाणी जातंय पण थेंब थेंब: कोअर, म्हणजे हीटरमधली बारीक नळ्यांची जाळी, चोंदलाय किंवा आत हवा धरलीय. दोन्ही नळ्या थंड असतील तर वाटेतला कॉक बंद आहे, पाण्याची पातळी खाली गेली आहे किंवा पंपच ढकलत नाही. हा पितळी कॉक दर उन्हाळ्यात बंद करतात, तीन-चार वर्षांत तो आत जाम होतो आणि बाहेरची दांडी मात्र बिनतक्रार फिरत राहते. दोन्ही नळ्या सारख्याच कोमट, घरावरचा आकडाही साठच्या आसपास, तर पुन्हा थर्मोस्टॅटकडे जायचं.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर या सगळ्यात फार विसंबू नये. पाणी इतकं कमी झालं की सेन्सरचं टोक वाफेत राहिलं, तर काटा खाली येतो आणि ड्रायव्हर निर्धास्त होतो. हीटर एकाएकी गार पडणं आणि काटा विचित्र वागणं या दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या तर गाडी लगेच बाजूला घ्यावी. हेड वाचवायला तेवढीच मिनिटं हातात असतात.

उभ्या गाडीत हीटर गार, रेस दिली की गरम, पाय काढला की पुन्हा गार, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. बहुतेक वेळा तिचं कारण हवा असतं, आणि हवा का शिरली हा खरा प्रश्न असतो. पाणी भरताना अडकलेली हवा नीट काढली की परत येत नाही. त्यासाठी गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करायची, हीटरचा कॉक पूर्ण उघडा ठेवायचा आणि पाणी बारीक धारेने भरायचं. घाईने ओतलं की वरून भरल्यासारखं दिसतं आणि ब्लॉकमध्ये पोकळी राहते. हीटरच्या जावक नळीची क्लिप सैल करून त्या सांध्यातून हवा फुसफुसून बाहेर पडू द्यायची. सलग पाणी आलं की आवळायची. मग झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं, थर्मोस्टॅट उघडून पातळी खाली बसेपर्यंत थांबायचं, भर घालायची, झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा बघायची. पहिल्या फेरीनंतर लिटरभर तरी लागतंच.

हवा दोन दिवसांत परत आली तर ती कुठून तरी आत ढकलली जातेय. रेडिएटरच्या ओव्हरफ्लो नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून इंजिन चालवावं. सुरुवातीचे बुडबुडे साहजिक. गरम झाल्यावरही ते एकसारखे येत राहिले तर मिस्त्री लगेच ‘हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलं’ म्हणतो आणि हेड खाली करायची तयारी करतो. त्याला इथे थांबवावं. ट्रकला एअर ब्रेक असतात, आणि ज्या गाडीत ब्रेकच्या कॉम्प्रेसरच्या हेडला पाण्याचे दोन पाइप आहेत, तिथे त्या छोट्याशा हेडचं गॅस्केट गेलं तरी दाबाखालची हवा थेट इंजिनाच्या पाण्यात शिरते. ओळखायची रीत सोपी आहे. ब्रेकच्या हवेच्या टाक्या रिकाम्या असताना, कॉम्प्रेसर भरत असताना बुडबुडे जोरात येतात. आठ बारच्या आसपास टाक्या भरून कॉम्प्रेसर मोकळा फिरायला लागला की ते मंदावतात. ब्रेक दाबून हवा खर्च केली की पुन्हा जोर धरतात. खात्री करायची तर इंजिन थंड असताना कॉम्प्रेसरचे पाण्याचे पाइप काढून दोन्ही तोंडं तात्पुरती बंद करायची आणि इंजिन दोन-चार मिनिटंच चालवून बघायचं. बुडबुडे थांबले तर खर्च कॉम्प्रेसरच्या गॅस्केटपुरता. हेड, फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), नवं गॅस्केट आणि चार दिवस गाडी उभी, हे सगळं वाचतं.

ओढीच्या बाजूलाही एक चोर असतो, खालचा होज. त्याच्या आत तारेची स्प्रिंग असते ती होज चपटा होऊ नये म्हणून. गंजून ती तुटली की आयडलिंगला सगळं ठीक दिसतं, आणि दीड-दोन हजार आरपीएमला होज आत ओढला जातो. पंपाला पाणीच मिळत नाही. एकाने रेस द्यावी, दुसऱ्याने टॉर्च मारून त्या होजवर नजर ठेवावी. पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाण्याचा ओघळ किंवा वाळलेल्या कूलंटचा डाग दिसला तर सील गेलं आहे. ते भोक एमसीलने बुजवणारे लोक आहेत, त्यांना बेअरिंगची काळजी नसते. वर्षानुवर्षं साधं पाणी वापरलेल्या गाडीत पंपाचे पंखेच खाऊन बारीक झालेले असतात. बाहेरून पंप गळत नाही, आवाज करत नाही, आणि पाणीही ढकलत नाही.

कोअर चोंदण्याची कारणं मात्र अस्सल आपल्याकडची आहेत. पहिलं बोअरचं पाणी. त्यातले क्षार गरम भिंतीवर बसतात, आणि १ मिलिमीटर क्षाराचा थर उष्णता अडवायला निदान दोन-अडीच सेंटिमीटर बिडाइतका पडतो. दुसरं कारण हळद. रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर हळद टाकायची युक्ती ड्रायव्हर लोकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. रस्त्यात अडकलेल्याला ती घरी पोचवते, यात शंका नाही. पण हळदीला गळकं भोक आणि हीटरची बारीक नळी यांतला फरक कळत नाही. पाणी जिथे मंद वाहतं तिथे ती बसते, आणि सगळ्यात मंद वाहतं ते हीटरमध्ये. बाजारात मिळणाऱ्या गळती-बंद पुड्यांचंही तेच. ही युक्ती केली असेल तर गावी पोचल्यावर सांधा नीट डाक लावून घ्यावा आणि पाणी बदलावं. बहुतेकदा हे दुसरं काम राहून जातं.

कोअर धुताना तो इंजिनापासून सोडवायचा आणि जावकेच्या तोंडातून उलटं पाणी सोडायचं, नळाच्या साध्या दाबाने. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नये. जुन्या पितळी कोअरचे सांधे कथलाचे असतात. रेडिएटरचं झाकण ज्या दाबाला उघडतं, त्याच्या दुप्पट-तिप्पट दाब त्यांनी जन्मात पाहिलेला नसतो. धुतल्यावर साध्या नळीने दहा लिटरची बादली किती वेळात भरते ते बघायचं, मग तीच नळी कोअरला लावून. वेळ दुपटीहून जास्त लागला तर कोअर अजून चोंदलेलाच आहे. गंज आणि क्षार असतील तर लिंबूसत्त्व चालतं: लिटरमागे ५० ग्रॅम, कोमट पाण्यात, अर्धा तास, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणं, एकदा थोडा खायचा सोडा घातलेलं पाणी, आणि पुन्हा साधं पाणी. संडास साफ करायचं ॲसिड टाकू नये, ते कथील आणि पितळ दोन्ही खातं. आणि एक कबूल करून ठेवावं: काही जुने कोअर क्षारानेच सांधलेले असतात. धुतले की गळतात.

गळका कोअर केबिनमध्ये ओळखू येतो. काचेवर आतून तेलकट धुकं धरतं, पुसलं तरी परत येतं, आणि गोडसर वास येतो. तो वास इथिलीन ग्लायकॉलचा. ते विष आहे आणि चवीला गोड आहे. उघड्या घमेल्यात सांडलेलं कूलंट कुत्री चाटतात.

झाकणाकडे मात्र कुणी लक्ष देत नाही, आणि लडाखच्या वाटेवर सगळा खेळ त्याचाच आहे. जोझी ला ३,५२८ मीटरवर. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. मनाली-लेह वाटेवरचा तांगलांग ला ५,३२८ मीटरवर, तिथे ८३ लाच. म्हणजे झाकण दाब धरत नसेल आणि आत साधं पाणी असेल, तर थर्मोस्टॅट जेमतेम उघडतो न उघडतो तोच पाणी उकळायला लागतं. हीटरमध्ये वाफ भरते, हवा गार येते, ड्रायव्हर म्हणतो थंडीने पाणी गोठलं. ०.५ बारचं चांगलं झाकण तिथल्या पाण्याला जवळजवळ समुद्रसपाटीइतका दाब मिळवून देतं आणि उकळबिंदू पुन्हा १०० वर जातो. बाहेर शून्याखाली वीस अंश असले तरी इंजिन उकळू शकतं, यावर कित्येक ड्रायव्हरांचा विश्वास बसत नाही. झाकणाला दोन झडपा असतात: एक दाब धरणारी, दुसरी गाडी थंड होताना पाणी परत आत ओढू देणारी. दुसरी जाम झाली की सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो. रबर कडक झालं असेल तर झाकण बदलायचं, आणि त्यावरचा आकडा जुन्याशी, कंपनीच्या पुस्तकाशी ताडून बघायचा. गरम इंजिनावर ते उघडायचं नाही.

गोठण्याचं प्रकरण वेगळं. साधं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. डमी प्लग, म्हणजे ब्लॉकच्या भोकांत बसवलेल्या पत्र्याच्या चकत्या, निघून येतात, नाहीतर ब्लॉक तडकतो. जुने ड्रायव्हर रात्री ड्रेन कॉक उघडून सगळं पाणी सोडत आणि सकाळी गरम पाणी भरत. त्यात एक खोच राहून जायची: हीटर नळ्यांपेक्षा खाली बसवला असेल तर त्यातलं पाणी ड्रेन कॉकमधून निघत नाही. ब्लॉक वाचतो, कोअर फुटतो. कूलंट घातलं की हा रोजचा व्याप संपतो, पण ‘जास्त घातलं की जास्त चांगलं’ हेही खरं नाही. अर्ध्याअर्ध्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ च्या आसपास येतो. पाणी न मिसळलेलं शुद्ध ग्लायकॉल मात्र उणे १३ लाच गोठतं. शिवाय ते उष्णता कमी वाहून नेतं. तयार मिसळलेलं कूलंट आहे की घट्ट, हे डब्यावर वाचूनच घ्यावं.

प्रमाण बिघडतं ते बहुधा आत उरलेल्या पाण्यामुळे. समजा पूर्ण फेऱ्यात २० लिटर मावतं. ड्रेन कॉक उघडल्यावर निघालं १३ लिटर. बाकीचं ब्लॉकमध्ये, ऑइल कूलरपाशी, हीटरमध्ये राहिलं. धुतल्यानंतरचं हे सात लिटर साधं पाणीच आहे. आता वरून अर्धंअर्धं मिसळून १३ लिटर ओतलं तर प्रत्यक्षात ३३ टक्केही होत नाही, आणि एवढं मिश्रण उणे १७-१८ लाच गोठायला लागतं. कारगिलजवळच्या द्रासच्या रात्रीला ते पुरत नाही. म्हणून निघालेलं पाणी बादलीने मोजायचं, आधी १० लिटर घट्ट कूलंट तसंच ओतायचं, आणि उरलेले तीन लिटर डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीच्या दुकानात मिळतं तेच, बोअरचं नाही. हीटरचा कॉक उघडा ठेवून पन्नासेक किलोमीटर गाडी चालली की मिश्रण सगळीकडे सारखं होतं. त्यानंतर रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबावरून गोठणबिंदू दाखवणाऱ्या दुर्बिणीसारख्या यंत्रावर) एक थेंब टाकून आकडा बघायचा, आणि तो उणे ३० पर्यंतही खाली गेला नसेल तर डोंगर लागण्याआधी, पठाणकोटच्या अलीकडेच दुरुस्त करून घ्यायचा.